किल्लीछिद्राची दिशा

किल्लीछिद्राची दिशा म्हणजे कुलपातील ज्या फटीत किल्ली घातली जाते ती फट उभी आहे की आडवी, आणि किल्लीचे दात वर, खाली किंवा बाजूला यांपैकी कोणत्या अंगाला येतात, याविषयीची रचना होय. दात वर असलेली किल्ली आणि दात खाली असलेली किल्ली यांतील फरक वरवर पाहता केवळ सवयीचा वाटतो. परंतु कुलपातील पिनांवर गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूने कार्य करते, धूळ व पाणी कोठे साचते आणि स्प्रिंग तुटल्यास कुलूप कसे वागते, या गोष्टी या दिशेवर अवलंबून असतात. पिन-टंबलर प्रकारच्या कुलपांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. अतिसुरक्षित कुलपांच्या काही प्रकारांत त्याचे महत्त्व कमी होते, तर काहींत ते जवळजवळ संपते. किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद जोपासणाऱ्यांमध्येही या विषयाचा बारकाईने अभ्यास केला जातो.

संज्ञा

मराठीत 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून आला असून त्यात वर्णांची अदलाबदल झालेली आहे. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. 'टाळे' या शब्दाचे मूळ संस्कृत 'तालक' या शब्दात आहे. कुलपाच्या ज्या भागात किल्ली जाते त्याला बोलीत 'किल्लीचे भोक' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'किल्लीछिद्र' हा शब्द वापरला आहे. किल्लीच्या ज्या कडेवर खाचा पाडलेल्या असतात तिला 'दातांची कड' म्हटले आहे.

पिन-टंबलर कुलपाची रचना

या कुलपाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे स्थिर कवच आणि त्यात फिरणारा दंडगोल गाभा. किल्लीछिद्र या गाभ्यात असते. कवच आणि गाभा या दोहोंतून आरपार जाणारी बारीक भोके एका ओळीत पाडलेली असतात. प्रत्येक भोकात दोन पिना एकापुढे एक ठेवलेल्या असतात. किल्लीला टेकणारी ती किल्लीपिन आणि तिच्या मागची ती रोधक पिन. रोधक पिनेच्या मागे स्प्रिंग असते आणि ती दोन्ही पिनांना किल्लीछिद्राकडे ढकलत राहते.

किल्ली नसताना रोधक पिना अर्ध्या कवचात आणि अर्ध्या गाभ्यात अडकलेल्या असतात. त्यामुळे गाभा फिरू शकत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या कमीअधिक खोलीच्या खाचांमुळे प्रत्येक किल्लीपिन नेमकी तेवढीच सरकते, आणि सर्व जोड्यांमधील सांधा कवच व गाभा यांच्या सीमारेषेवर येतो. मग गाभा फिरतो आणि कुलूप उघडते. एखादीही पिन कमी किंवा अधिक सरकली तर सीमारेषा मोकळी होत नाही.

घरगुती कुलपांत बहुधा पाच किंवा सहा पिना असतात. पाच पिना आणि प्रत्येकीसाठी खाचेच्या सहा खोल्या शक्य असल्यास गणिताने ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. सहा पिना असल्यास ही संख्या ४६,६५६ होते. प्रत्यक्षात वापरता येण्याजोग्या किल्ल्या याहून कमी असतात, कारण शेजारच्या दोन खाचांच्या खोलीत फार मोठा फरक ठेवता येत नाही आणि सर्व खाचा सारख्या असलेली किल्ली वापरणे इष्ट नसते.

दिशेचे प्रकार

पिना वर असलेली रचना: या रचनेत पिनांची ओळ गाभ्याच्या वरच्या अंगाला असते आणि किल्ली दात वर करून घातली जाते. अमेरिकेतील दारांच्या कुलपांत ही पद्धत रूढ आहे.

पिना खाली असलेली रचना: युरोपात प्रचलित असलेल्या कुलपाच्या नळीचा छेद उलट्या कळीसारखा दिसतो. वर गोल भाग आणि त्याखाली लोंबता जाड भाग असतो. गाभा वरच्या गोल भागात आणि पिना व स्प्रिंगा खालच्या भागात असल्याने किल्ली दात खाली करून घालावी लागते. भारतातील नव्या सदनिकांच्या दारांतही या आकाराच्या नळ्या आता मोठ्या प्रमाणात बसवल्या जातात. त्यामुळे एकाच घरात दोन कुलपांच्या किल्ल्या परस्परविरुद्ध दिशेने घालाव्या लागल्याचे दिसून येते.

आडवे किल्लीछिद्र: यात फट जमिनीला समांतर असते. किल्लीच्या कडेला दात नसून तिच्या सपाट अंगावर लहान खळगे असतात. पिना या सपाट अंगावर टेकतात.

लोंबते कुलूप: कडी-कोयंड्यात अडकवलेल्या कुलपाचे किल्लीछिद्र बहुधा तळाशी, जमिनीकडे तोंड करून असते. अशा वेळी गाभ्याचा अक्ष उभा आणि पिना आडव्या असतात. वर-खाली हा भेद येथे लागू पडत नाही.

गुरुत्वाकर्षण, स्प्रिंग आणि धूळ

स्प्रिंगा शाबूत असताना पिना वर असोत वा खाली, कुलपाच्या कार्यात फारसा फरक पडत नाही. पिनेचे वजन स्प्रिंगेच्या दाबाच्या तुलनेत नगण्य असते. खरा फरक स्प्रिंग कमजोर झाल्यावर किंवा तुटल्यावर दिसतो.

पिना वर असतील तर स्प्रिंग निकामी झाल्यावरही त्या स्वतःच्या वजनाने खाली, म्हणजे किल्लीछिद्राकडेच येतात. कुलूप बंदच राहते आणि किल्लीने ते उघडण्याची शक्यताही टिकून असते. पिना खाली असतील तर गुरुत्वाकर्षण त्यांना किल्लीपासून दूर ओढते. स्प्रिंग तुटल्यावर रोधक पिन तळाशी बसते आणि तिच्या मागोमाग किल्लीपिनही घसरते. ती सीमारेषेवर आडवी राहिल्यास योग्य किल्ली घालूनही गाभा फिरत नाही, आणि घरमालकालाच दाराबाहेर थांबावे लागते.

धुळीच्या बाबतीतही असाच फरक दिसतो. फटीत शिरलेली धूळ तळाशी साचते. पिना वर असतील तर धूळ त्यांच्यापासून दूर राहते. पिना खाली असतील तर ती पिनांच्या भोकांतच उतरते आणि खोबरेल तेलासारखा चिकट पदार्थ त्यात पडल्यास तिचा राप बनतो. दोन्ही निकषांवर पिना वर असलेली रचना किंचित सरस ठरते. तरीही युरोपीय नळी जगभर पसरली आहे, कारण ती एका स्क्रूने बदलता येते आणि निरनिराळ्या उत्पादकांच्या नळ्या एकाच दारात बसतात. दिशा हा रचनेतील अनेक सोयी-गैरसोयींपैकी केवळ एक घटक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पिनांच्या कुलपाचे मूळ प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपात आढळते. त्यात स्प्रिंग नव्हती. दाराच्या आडव्या अडसरावर लाकडी खुंट्या स्वतःच्या वजनाने पडत आणि अडसर रोखून धरत. लांब लाकडी किल्ली खालून घालून त्या खुंट्या वर उचलल्या की अडसर ओढून काढता येई. खुंट्या वर असणे ही तेथे निवड नसून गरज होती, कारण गुरुत्वाकर्षण हीच त्या कुलपाची स्प्रिंग होती.

युरोपात १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने दुहेरी क्रियेच्या लिव्हरचे कुलूप सिद्ध केले. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामा याने नळीच्या आकाराच्या किल्लीचे कुलूप तयार केले. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने चुकीच्या किल्लीचा प्रयत्न झाल्यास स्वतःच अडकून मालकाला सूचना देणारे कुलूप बनवले. अमेरिकेत लायनस येल या पिता-पुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिन-टंबलर कुलपाला आजचे रूप दिले. धाकट्या येलने चपटी, खाचांची किल्ली रूढ केली. स्प्रिंगमुळे पिना कोणत्याही दिशेला ठेवणे शक्य झाले आणि किल्लीछिद्राची दिशा हा निवडीचा विषय बनला.

१८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. त्यानंतर त्याने ब्रामाचे कुलूप उघडले. हे कुलूप पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत दोनशे गिनींच्या बक्षिसाच्या आव्हानासह अनेक दशके ठेवलेले होते. त्यासाठी हॉब्जला १६ दिवसांच्या अवधीत सुमारे ५१ तास काम करावे लागले. या घटनेमुळे इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. कुलपांतील दोष जाहीर करावेत की दडवावेत, हा वाद तेव्हा सुरू झाला. चोरांना हे दोष आधीच ठाऊक असतात, अजाण राहतो तो सामान्य ग्राहक, अशी हॉब्जची भूमिका होती. त्यानंतरच्या काळात उत्पादकांनी आपल्या कुलपांत केलेल्या सुधारणांनी त्याच्या भूमिकेला बळ दिले.

अतिसुरक्षित कुलपांतील दिशा

अतिसुरक्षित कुलूप म्हणजे किल्लीविना उघडणे, छिद्र पाडून तोडणे आणि परवानगीशिवाय दुसरी किल्ली बनवणे या तिन्हींना दीर्घकाळ दाद न देणारे कुलूप. अमेरिकेतील यूएल ४३७ आणि युरोपातील ईएन १३०३ ही मानके अशा कुलपांच्या कसोटीसाठी वापरली जातात. या कुलपांत दिशेचा प्रश्न पुढील मार्गांनी हाताळलेला आहे.

दुतर्फा किल्ली: स्वित्झर्लंडमधील काबा या उत्पादकाने १९३४ मध्ये सपाट अंगावर खळगे असलेली आणि दोन्ही बाजूंनी घालता येणारी किल्ली आणली. तिला वर-खाली अशी बाजूच नसते. पिना निरनिराळ्या कोनांतून येतात आणि त्यांतील काही गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने, तर काही विरुद्ध दिशेने कार्य करतात. भारतीय बाजारात अशा किल्लीला 'कॉम्प्युटराइज्ड चावी' म्हणतात. कुलपात अथवा किल्लीत कोणताही संगणक नसतो. खळगे संगणकनियंत्रित यंत्रावर पाडले जातात, एवढाच या नावाचा अर्थ.

पिनेत पिन: इस्रायलमध्ये १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मल-टी-लॉक या उत्पादकाच्या कुलपांत एका पिनेच्या पोटात दुसरी पिन असते. किल्लीवरील प्रत्येक खळग्याला दोन वेगवेगळ्या खोल्या असतात.

फिरणाऱ्या पिना: अमेरिकेतील मेडेको कुलपांत (१९६८ पासून) किल्लीच्या खाचा तिरक्या कापलेल्या असतात. पिन योग्य उंचीवर तर यावीच लागते, शिवाय ती स्वतःभोवती ठरावीक कोनात फिरावीही लागते. सर्व पिना योग्य कोनात आल्याखेरीज बाजूचा रोधक दांडा मागे सरकत नाही.

चकत्यांचे कुलूप: फिनलंडमधील एमिल हेन्रिक्सन याने १९०७ मध्ये फिरत्या चकत्यांचे कुलूप शोधले. पुढे ते अब्लॉय या नावाने प्रसिद्ध झाले. यात स्प्रिंगने ढकललेल्या पिना नसतात. किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरते, सर्व चकत्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि रोधक दांडा त्यांत पडतो. स्प्रिंगांवर अवलंबून नसल्याने थंडी, धूळ व ओल यांचा त्यावर कमी परिणाम होतो, आणि किल्लीछिद्र कोणत्या दिशेला आहे हा प्रश्न गौण ठरतो.

दिशेपेक्षा किल्लीछिद्राच्या छेदाचा आकार सुरक्षिततेला अधिक उपकारक असतो. फटीच्या दोन्ही भिंतींवरील उंचवटे मध्यरेषेच्या पलीकडे गेले की फट नागमोडी होते आणि किल्लीखेरीज दुसरे काही आत सरळ जाऊ शकत नाही. त्याचप्रमाणे डमरूच्या किंवा अळंबीच्या आकाराच्या रोधक पिना वापरल्यास पिन सीमारेषेवर आल्याचा खोटा भास होतो आणि कुलूप मात्र बंदच राहते.

किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद

कारखान्यात तयार होणाऱ्या कोणत्याही कुलपातील भोके गणिती अचूकतेने एका रेषेत नसतात. गाभ्यावर हलका पीळ दिला असता सर्व पिना एकाच वेळी न अडकता एकामागून एक अडकतात. किल्लीविना कुलूप उघडण्याची संपूर्ण कला या सूक्ष्म अपूर्णतेवर उभी आहे. कुलूप अधिक अचूक बनवणे हाच तिच्यावरील मूलभूत उपाय आहे.

कोडी सोडवण्याचा एक प्रकार म्हणून हा छंद अनेक देशांत जोपासला जातो. जर्मनीत १९९७ मध्ये या छंदाची संघटना स्थापन झाली. नेदरलँड्स व अमेरिकेतही अशा संघटना कार्यरत आहेत. त्यांच्या स्पर्धांत ठरावीक वेळेत कुलूप उघडणे आणि कोऱ्या किल्लीवर पिनांचे ठसे उमटवून, कानशीने घासत नवी किल्ली सिद्ध करणे असे प्रकार असतात. दुसरा प्रकार भारतीयांना अपरिचित नाही. गावोगावी पदपथावर पेटी मांडून बसणारे किल्ली बनवणारे कारागीर कुलूप न खोलता याच पद्धतीने किल्ली तयार करून देत आले आहेत.

छंदिष्टांच्या दृष्टीने किल्लीछिद्राची दिशा ही हाताच्या ठेवणीची बाब आहे. पिना ज्या अंगाला असतात त्याच्या विरुद्ध कडेला पीळ देण्याचे साधन ठेवले की फट मोकळी राहते. दिशा बदलली की या जागा बदलतात. सराव नसलेल्याला उलट्या दिशेचे कुलूप कठीण वाटते. परंतु छंदिष्ट कुलूप शेगड्यात धरून हव्या त्या बाजूने फिरवू शकतो. त्यामुळे उलट्या दिशेने मिळणारे संरक्षण नावापुरतेच असते.

या छंदात दोन नियम सर्वत्र पाळले जातात. स्वतःच्या मालकीच्या अथवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेल्या कुलपावरच हात चालवावा, हा पहिला. वापरात असलेल्या कुलपाला हात लावू नये, हा दुसरा. दुसरा नियम तांत्रिक कारणानेही आवश्यक आहे. प्रयत्नात पिना किंवा स्प्रिंगा बिघडल्यास दार कायमचे अडकू शकते. छंदिष्टांनी शोधलेले दोष उत्पादकांना कळवण्याची प्रथा रूढ झाल्याने अनेक कुलपांच्या रचनेत सुधारणा घडून आल्या आहेत.

कायदेशीर बाजू

भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या दिली आहे. गृह-अतिक्रमण करण्यासाठी किंवा ते केल्यानंतर बाहेर पडण्यासाठी कुलूप उघडणे हा घरफोडीचा एक प्रकार मानला आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही तरतूद कलम ४४५ मध्ये होती. कुलूप तोडले की कौशल्याने उघडले, यावर गुन्ह्याचे स्वरूप अवलंबून नसते. हेतू आणि अनधिकृत प्रवेश या बाबी निर्णायक असतात. स्वतःच्या मेजावर स्वतःचे कुलूप उघडणे या व्याख्येत बसत नाही.

महाराष्ट्रात याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम १२२ लक्षात घ्यावे लागते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन कायदेशीर सबबीशिवाय जवळ बाळगलेले आढळल्यास ती व्यक्ती शिक्षेस पात्र ठरते, आणि सबब सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच असते. छंद म्हणून घेतलेली साधने घेऊन रात्री बाहेर फिरणे विद्यार्थ्यांसाठी धोक्याचे आहे, ते या कारणाने.

भारतातील व महाराष्ट्रातील कुलूपनिर्मिती

उत्तर प्रदेशातील अलीगढ आणि तमिळनाडूतील दिंडिगल ही भारतातील कुलूपनिर्मितीची जुनी केंद्रे होत. दिंडिगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया अर्देशिर गोदरेज (१८६८–१९३६) यांनी घातला. वकिली सोडून त्यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना सुरू केला. मुंबईत त्या काळी वाढलेल्या घरफोड्यांच्या बातम्यांतून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. त्यांच्या एका कुलपाला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे, परंतु दुसऱ्या किल्लीने आतील रचना बदलून पहिली किल्ली निरुपयोगी करता येई. दुसऱ्या एका प्रकारात चुकीची किल्ली घातली असता कुलूप अडकून बसे आणि ते पूर्ववत करण्यासाठी खास किल्ली लागे. स्प्रिंगविरहित लिव्हरचे कुलूपही त्यांनी बनवले. स्प्रिंग हा कुलपातील सर्वांत आधी निकामी होणारा भाग आहे, हे जाणून केलेली ही सुधारणा होती. दिशेच्या प्रश्नामागे असलेली स्प्रिंग आणि गुरुत्वाकर्षणाची अडचण त्यांनी वेगळ्या मार्गाने, स्प्रिंगच काढून टाकून, हाताळली असे म्हणता येते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच उद्योगसमूहाच्या विक्रोळी येथील कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावणे खर्चाचे असल्याने पेटी आतूनच बंद होईल अशी कळ योजण्यात आली. गोदरेजचे 'नवताल' हे अनेक लिव्हरांचे लोंबते कुलूप महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे.

जालना जिल्ह्यातील वापर

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाणे उद्योग आणि मोंढ्यातील शेतमालाचा व्यापार यांसाठी तो ओळखला जातो. अशा ठिकाणी दुकाने व गोदामे यांवर प्रामुख्याने लोंबती कुलपे आणि लोखंडी शटरची कुलपे असतात. दाराच्या नळीपुरता विचार करणारी वर-खालीची चर्चा येथे अपुरी पडते.

कोयंड्यात नीट लोंबणाऱ्या कुलपाचे तोंड जमिनीकडे असल्याने वरून पडणारी धूळ व पाऊस किल्लीछिद्रात जात नाही. ही त्याची नैसर्गिक सोय आहे. शटरच्या खालच्या कडेला जमिनीलगत लावलेले कुलूप मात्र बहुधा आडवे पडते. रस्त्यावरची धूळ, झाडलोटीचा कचरा आणि पावसाळ्यात उडणारे पाणी थेट छिद्रात शिरते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत बारीक धूळ पिनांपर्यंत पोहोचते आणि नंतरच्या ओलीत ती घट्ट होते. अशा जागी छिद्रावर झापड असलेले आणि तोंड खाली राहील असे लावता येणारे कुलूप अधिक टिकते.

कुलूप जड चालू लागल्यास त्यात खोबरेल किंवा गोडेतेल सोडण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. तेलाने तात्पुरता गुण येतो, परंतु काही दिवसांनी धूळ त्यालाच चिकटते. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी भुकटी वापरावी. ती न मिळाल्यास पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किल्लीला चोळून किल्ली काही वेळा आत-बाहेर करावी. पेन्सिलीतील शिसे हे ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण असल्याने पूड अगदी थोडी वापरणे आवश्यक असते.

प्रचलित गैरसमज

उलट्या दिशेचे कुलूप चोराला उघडता येत नाही, हा समज निराधार आहे. दिशेमुळे केवळ अपरिचिताचा थोडा वेळ जातो.

लिव्हरांची किंवा पिनांची संख्या जितकी अधिक तितके कुलूप सुरक्षित, हेही पूर्ण सत्य नाही. सैल बनावटीच्या सात लिव्हरांपेक्षा अचूक बनावटीचे पाच अधिक उपयोगी ठरतात.

कुलूप मजबूत असले की घर सुरक्षित, हा सर्वांत महागात पडणारा समज होय. मराठी वृत्तपत्रांतील घरफोडीच्या बातम्यांत 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द वारंवार येतात. अशा घटनांत कुलूप उघडलेच जात नाही. पातळ पत्र्याचा कोयंडा, आखूड स्क्रू किंवा वाळवीने पोखरलेली चौकट आधी हार मानते आणि कुलूप कोयंड्यासह जमिनीवर बंदच पडलेले आढळते. आरपार जाणारे व आतून नटाने आवळलेले बोल्ट, जाड कोयंडा, स्क्रूची डोकी झाकणारी कडी आणि आतल्या बाजूचा अडसर यांवर केलेला खर्च महागड्या कुलपाच्या आधी करणे शहाणपणाचे असते. जुन्या वाड्यांच्या दारांना भिंतीत सरकणारा जाड लाकडी अडसर असे. त्याला किल्लीछिद्र नसे, म्हणून त्याच्या दिशेचा प्रश्नही नसे. दार आतून धरून ठेवण्याचे त्याचे काम आजच्या कोणत्याही कुलपाने अनावश्यक ठरवलेले नाही.